धुराचा कैवार

जून २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झाले. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, वाटेत ९१ बोगदे, सगळ्या बोगद्यांची मिळून लांबी ८४ किलोमीटर आणि खर्च १,२८७ कोटी रुपये. भाषणे झाली, हिरवे झेंडे दाखवले गेले. त्या आनंदात एका जुन्या रहिवाशाची मात्र कुणाला आठवण झाली नाही. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात जो धूर चोवीस वर्षे नांदला, त्याला नुसता नारळ मिळाला. शाल कुणालाच सुचली नाही.

या कामात घाई झाली, असे आमचे नम्र मत आहे. डोंगरातल्या लांब बोगद्यातून विजेची तार ओढावी की नाही, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. इतका जुना प्रश्न एकदम सोडवून टाकणे हे पूर्वसुरींच्या कष्टांना शोभणारे नाही. आणि ज्यांनी तो सर्वांत विचारपूर्वक हाताळला, म्हणजे आधी सोडवला आणि मग पुन्हा जसा होता तसा करून ठेवला, त्यांच्याकडे आपण पाहिलेच नाही.

अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड नावाची पर्वतरांग आहे. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने तिच्या पोटातून १९०० साली चार किलोमीटरहून थोडा लांब बोगदा काढला. इंजिने कोळशाची आणि चढ साधारण साठास एक. त्यामुळे इंजिन सर्वांत जास्त धूर नेमका तिथे सोडी, जिथून धुराला बाहेर पडायला सर्वांत कमी वाट होती. ड्रायव्हर-फायरमन गुदमरू लागले. कंपनी तेव्हा अननुभवी होती. तिने १९०९ साली बोगद्यात तारा ओढल्या आणि वेनाची नदीवर स्वतःचे जलविद्युत केंद्र बांधून त्या तारांत वीज सोडली. ज्या डोंगरावर चढायचे, त्याच डोंगराच्या पाण्याने चढायचे. उपाय इतका सरळ होता की, कुणाही जाणत्या माणसाला त्याचा संशय यायला हवा होता.

तो आला नाही. उलट १९२९ साली त्याच रांगेत आणखी खाली साडेबारा किलोमीटरचा नवा बोगदा खोदला, तेव्हा त्यातही तारच घातली. पुढची सत्तावीस वर्षे विजेची इंजिने त्यातून गाड्या नेत होती आणि बोगद्यात हवा होती. अखेर १९५६ साली कंपनीला प्रौढपण आले. तारा उतरल्या. पूर्वेच्या तोंडाशी पंखे आले, दार आले आणि डिझेल इंजिने आत शिरली.

कारण रास्त होते, हे विरोधकांनीही मान्य करावे. विजेचा टप्पा जेमतेम ११५ किलोमीटरचा होता. दोन्ही टोकांना इंजिन बदलावे लागे आणि त्यात वेळ जाई. दुसरा उपाय टप्पा लांबवण्याचा होता; पण त्याला आणखी तार लागली असती आणि तार तर नको होती. म्हणून वेळ वाचवायचे ठरले आणि तो वाचला. आता चढणीची गाडी बाहेर पडल्यावर बोगद्यातला धूर काढायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तोवर पुढची गाडी खोळंबते. दिवसाकाठी साधारण अठ्ठावीस गाड्यांपलीकडे हा बोगदा झेपत नाही. पण हा वेळ इंजिन बदलण्यात जात नाही, हे वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे.

यातली यंत्रणा सावकाश समजून घेण्याजोगी आहे. पश्चिमेकडून गाडी आत शिरते तेव्हा पूर्वेचे दार बंद असते. पंखे समोरून तिच्या अंगावर थंड हवा लोटत असतात. गाडी दारापासून किलोमीटरभर राहिली की दार उघडते. ती निघून गेली की दार पुन्हा लागते आणि पंखे बोगद्यातला धूर मागे रेटत पश्चिमेच्या तोंडातून बाहेर घालवतात. एका गाडीच्या मागे इतकी सेवा अन्यत्र कुठे होत असेल असे वाटत नाही. आपल्याकडे गाडी गेली की फाटकवाला फाटक उघडतो आणि विषय संपतो.

हे पंखे विजेवर चालतात, असे सांगितले की टीकाकार खाकरतात. त्यांना पुढचेही सांगून टाकलेले बरे. ज्याला आपण डिझेल इंजिन म्हणतो, ते स्वतःच्या पोटात डिझेल जाळून जनित्र फिरवते, जनित्र वीज तयार करते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात. म्हणजे चाक विजेवर, पंखा विजेवर, सिग्नल विजेवर. वीज बोगद्याच्या तोंडापर्यंत आलेली आहे आणि गाडीच्या पोटातही आहे. या दोघींची गाठ पडू नये एवढीच काळजी घेतलेली आहे. इतके कडक सोवळे आता देवळातसुद्धा पाळले जात नाही.

इंजिनांनाही या व्यवस्थेत थोडी तोशीस पडते. जड मालगाडीला चार-सहा इंजिने जोडतात. बोगद्यात पहिले इंजिन हवा घेते आणि त्याच्या मागची इंजिने पहिल्याचा गरम धूर घेतात. ती तापतात, त्यांची ताकद घटते. यावर सदर्न पॅसिफिक रेल्वेने १९७०च्या दशकात खास इंजिने बनवून घेतली. बोगद्यात गरम हवा छताशी जमते आणि तळाशी हवा त्यातल्या त्यात थंड असते, म्हणून या इंजिनांची हवा घ्यायची तोंडे खाली, चालायच्या फळीजवळ आणली. यांना ‘टनेल मोटर’ असे कौतुकाचे नाव पडले. इंजिनाला चांगली हवा कुठे मिळेल, याचा इतका बारकाईने शोध घेणारी कंपनी माणसांबद्दल बेफिकीर होती असे कुणी म्हणू नये. वाफेच्या काळात याच कंपनीने सिएरा नेवाडाच्या बोगद्यांसाठी आणि लाइनीवरच्या मैलोगणती लांब लाकडी छपरांसाठी अख्खे इंजिनच उलटे करून घेतले होते. केबिन पुढे आणि धुराडे मागे. त्याने ड्रायव्हरची सोय झाली. धूर होता तेवढाच राहिला. फक्त तो मागच्यांना मिळू लागला. मागे कुणी ना कुणी असतेच, हा या धोरणाचा पाया आहे आणि तो आजतागायत खचलेला नाही.

कॅस्केड बोगद्यातून जाणारे कर्मचारी आपत्तीसाठी श्वास घेण्याचे उपकरण जवळ बाळगतात. कोलोरॅडोतल्या दहा किलोमीटरच्या मॉफट बोगद्याला तर १९२८ पासून आजवर तारेचा स्पर्शही झालेला नाही. तिथे ‘कॅलिफोर्निया झेफर’च्या प्रवाशांना सूचना दिली जाते की, बोगदा संपेपर्यंत या डब्यातून त्या डब्यात जाऊ नये, म्हणजे दारे उघडून धूर आत यायचा नाही. सुमारे दहा मिनिटे अमेरिकन माणूस जागेवर गप्प बसतो. ज्या देशात कुणी कुणाचे ऐकत नाही अशी त्यांचीच तक्रार असते, तिथे ही शिस्त धुराने आणली. वीज हे करू शकली नसती.

विरोधक यावर जुनी प्रकरणे उकरून काढतात. जानेवारी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यू बोगद्यात धूर आणि वाफ इतकी दाटली होती की ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाही, एक गाडी दुसरीवर आदळली आणि पंधरा माणसे मेली. त्यानंतर कायदा झाला आणि १९०८ पासून मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांना बंदी आली. पंधरा माणसांवरून इतका मोठा निर्णय घेणे हे भावनेच्या भरात घडले, असे खेदाने म्हणावे लागते. दुसरे प्रकरण दक्षिण इटलीतल्या बाल्व्हानोचे. मार्च १९४४ मधल्या एका रात्री चढणीवरच्या बोगद्यात एक मालगाडी अडकली. चाके घसरत राहिली, इंजिने धूर ओकत राहिली आणि पाचशेहून अधिक माणसे कार्बन मोनॉक्साइडने गेली. या वायूला रंग नाही, वास नाही; बरेच जण झोपेतून उठलेच नाहीत. पण इथेही तारतम्य ठेवायला हवे. काळ युद्धाचा होता आणि कोळसा हलका होता. शिवाय माणसे मालगाडीत बसली होती. अन्नाच्या शोधात निघालेल्या माणसांनी मालगाडीत बसू नये, असा नियम सर्वच देशांत आहे. नियम मोडणारा कोण आणि दोष कुणाला!

आणि तो धूर कोळशाचा होता. आमचा कैवार डिझेलच्या धुराचा आहे, जो बराच सुधारलेला मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनेही २०१२ साली त्याची रीतसर दखल घेतली आणि माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याला बसवले. पहिला गट! आपल्या सार्वजनिक सेवांपैकी किती जणींना आंतरराष्ट्रीय संस्थेकडून पहिला गट मिळाला आहे, याचा वाचकांनी विचार करावा.

स्वित्झर्लंडचा दाखला कुणी देऊ नये. त्यांच्याकडे कोळसा नाही, पाणी उदंड आणि घड्याळाचे वेड. सिंप्लॉनचा जवळजवळ वीस किलोमीटरचा बोगदा १९०६ साली उघडला तो वीज घेऊनच. गॉटहार्डच्या बोगद्याला निदान १८८२ ते १९२० असा अडतीस वर्षांचा धूर लाभला. पण पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, तेव्हा तिथेही धीर सुटला.

आपला अपराध मात्र गंभीर आहे, कारण आपण तो फार लवकर केला. जीआयपी रेल्वेने १९२९-३० मध्येच बोरघाटात आणि कसारा घाटात तारा ओढल्या. सदतीसास एक असा चढ, एकामागून एक बोगदे, म्हणजे धुराच्या दृष्टीने खंडाळ्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. आणि तीच आपण गमावली. विव्हळत, डुलत मालगाड्या ओढणाऱ्या त्या विजेच्या इंजिनाला लोकांनी ‘खेकडा’ म्हटले आणि हसून विसरून गेले. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली ती विजेच्या इंजिनामागेच. परिणाम समोर आहे. कर्जत-लोणावळ्याच्या दरम्यान चार पिढ्या धुराची चव न घेता म्हाताऱ्या झाल्या. आजही बोगदा आला की डब्यातली पोरे तोंडे उघडून किंचाळतात. बोगद्यात तोंड मिटून, नाकाला रुमाल लावून बसायचे असते, ही साधी गोष्ट त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेली नाही, कारण वडीलधाऱ्यांनाही ती कुणी शिकवली नाही.

काश्मीरमध्ये सुरुवात बरी झाली होती. पीर पंजालचा सव्वाअकरा किलोमीटरचा बोगदा २०१३ साली उघडला, तेव्हा त्यातून डिझेलची गाडी धावत होती आणि हवेसाठी पंखे होते. सगळे कसे कॅस्केडच्या वळणावर चालले होते. नऊ-दहा वर्षांत तिथेही तार पोचली.

म्हणून आम्ही एक विधायक सूचना मांडतो. सगळी कोकण रेल्वे पुन्हा डिझेलवर आणा, असे आम्ही म्हणत नाही. एवढा हट्ट बरा नव्हे. प्रयोगादाखल फक्त करबुडे बोगद्यातली तार उतरवावी. एका तोंडाला दार बसवावे, दाराशी पंखे बसवावेत आणि रत्नागिरी व उक्षी या दोन स्टेशनांवर इंजिन बदलण्याची सोय करावी. कॅस्केडने इंजिन बदलणे टाळण्यासाठी तार काढली. आपण तार काढून इंजिन बदलणे सुरू करू. यात आपली स्वतंत्र प्रतिभाही दिसेल.

वेळेची काळजी करायचे कारण नाही. कोकणातला प्रवासी एकेरी लाइनीवर वाढलेला आहे. क्रॉसिंगसाठी कुठल्या तरी नाव न दिसणाऱ्या स्टेशनात अर्धा तास उभे राहणे, ही त्याला अडचण वाटतच नाही. गणपतीत तर जादा गाड्यांनी लाइन भरून गेलेली असते, नियमित गाड्यांना वाट मिळत नाही आणि चाकरमानी दाराशी, संडासाशी, जिथे जागा मिळेल तिथे उभा असतो. त्याच्या एकूण प्रवासात ‘धूर निघेपर्यंत थांबा’ ही आणखी एक घोषणा मिसळून जाईल. उलट आजवर गाडी का थांबली हे त्याला कुणी सांगत नसे. आता कारण कळेल. पारदर्शकता याहून वेगळी काय असते?

रो-रो सेवेचा विचारही झालाच पाहिजे. १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेते आणि ट्रकवाला आपल्या ट्रकच्या केबिनमध्येच बसून बोगद्यांतून जातो. उघड्या वॅगनवर, उघड्या खिडकीशी. तो मुळात डिझेलचाच माणूस. आयुष्यभर महामार्गावर पुढच्या गाडीचा धूर घेत आलेला. रेल्वेने त्याला तारेखालून नेऊन मध्येच हवापालट घडवला, हे त्याच्या प्रकृतीला मानवत असेल का, याचा कुणी अभ्यास केलेला दिसत नाही.

पण बोगद्यात सर्वांत जास्त वेळ काढणारा माणूस गाडीत बसलेला नसतोच. तो ट्रॅकमन. पाना, हातोडा आणि टॉर्च घेऊन तो रूळ बघत चालतो. गाडी आली की भिंतीतल्या कोनाड्यात पाठ टेकून उभा राहतो आणि गाडी गेली की पुन्हा चालू लागतो. पावसाळ्यात फेऱ्या वाढतात. प्रवासी दहा मिनिटांत बोगद्याबाहेर पडतो, ड्रायव्हरही पडतो. धूर आणि ट्रॅकमन दोघे मागे राहतात. आमच्या सूचनेतला सर्वांत मोठा आर्थिक फायदा इथेच आहे आणि तो अर्थतज्ज्ञांनी पुरेसा मांडलेला नाही.

तारेचा सगळा खर्च दिसतो. तिचे टेंडर निघते, खांब मोजले जातात, सबस्टेशनला जागा लागते, दरवर्षी घसारा धरावा लागतो आणि लेखापरीक्षक येऊन विचारतो की एवढे तांबे कुठे गेले. धुराचे असे काही नसते. तो कुणी पुरवत नाही, म्हणून त्याचे बिल येत नाही. तो साठ्यात दाखवावा लागत नाही. ट्रॅकमनला पंधरा वर्षांनी खोकला लागला, तर तो रेल्वेच्या भांडवली खर्चात जात नाही, महसुली खर्चात जात नाही. तो त्याच्या घरच्या खर्चात जातो. ट्रॅकमन गाडीत नाही म्हणून प्रवाशांच्या तक्रारवहीत त्याची नोंद नाही, आणि तो इंजिनात नाही म्हणून रनिंग स्टाफच्या मागण्यांत तो नाही. खोकल्याला ऑडिट पॅरा लागत नाही. तेव्हा तार महाग आणि धूर फुकट, हा हिशेब अगदी चोख आहे. तो ज्या वहीत लिहिला आहे, ती वही ज्यांच्या कपाटात असते त्यांना तो कधीही चुकीचा वाटलेला नाही, आणि कॅस्केडपासून करबुड्यापर्यंत सगळ्या कपाटांचे यावर एकमत असावे, हा जागतिक बंधुभावच म्हणायचा.

न्यायाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. वीज काही आकाशातून पडत नाही. बोरघाटात तारा आल्या तेव्हा ठाकुर्लीला चोळ्याचे वीजघर उभे राहिले आणि ते कोळशावरच चाले. खंडाळ्याचा धूर असा ठाकुर्लीला गेला. आज तारेतल्या विजेचा मोठा वाटा चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून येतो. तेव्हा करबुड्याची हवा स्वच्छ झाली म्हणून टाळ्या वाजवताना चंद्रपूरकरांनी अजून किती गिळावे, हा प्रश्न आम्ही अत्यंत कळवळ्याने विचारतो. चंद्रपूरच्या चिमणीवर चांगली गाळणी बसवा, असे काही जण म्हणतील. एका चिमणीला गाळणी लावणे शेकडो इंजिनांच्या धुराड्यांना लावण्यापेक्षा सोपे आहे, असेही म्हणतील. वीज उद्या पाण्यापासून, उन्हापासून करता येईल आणि तार तीच राहील, असाही एक मुद्दा त्यांच्याकडे असतो. हे सर्व खरे असल्यामुळे त्याला उत्तर देण्याची गरज नाही. आमचा आग्रह समान वाटपाचा आहे. चंद्रपूरकराच्या छातीत धूर जातो म्हणून तो कोकणातल्या ट्रॅकमनच्या छातीतूनही काढू नये. दोघांनाही तो आपुलकीने मिळावा.

राहता राहिला उंचीचा प्रश्न. अमेरिकेत मालगाडीवर कंटेनरवर कंटेनर ठेवतात. तार ओढली तर एवढी उंच गाडी तिच्याखालून, त्यातही बोगद्यातून, जाणार कशी, असे तिथले जाणकार विचारत. प्रश्न बिनतोड होता. मग आपल्याकडच्या पश्चिम मालवाहतूक मार्गाने, जो उरणजवळच्या जेएनपीटी बंदरासाठी आखला आहे, साडेसात मीटर उंचीवर तार टांगली, हरियाणात सोहन्याजवळ अरवलीतून त्या उंचीचा किलोमीटरभराचा बोगदा काढला, आणि जानेवारी २०२१ मध्ये दुमजली कंटेनरची दीड किलोमीटर लांब गाडी विजेच्या इंजिनामागे सोडली. अशा आगाऊपणाने चांगले चांगले प्रश्न वाया जातात.

तार उतरवायची म्हटल्यावर ती कशी उतरवावी, याचाही उत्तम आदर्श उपलब्ध आहे. मिलवॉकी रोड ही अमेरिकेतलीच कंपनी. मोंटाना, आयडाहो आणि वॉशिंग्टनच्या डोंगरांतून तिने १९१५ पासून सुमारे हजार किलोमीटर मार्गावर वीज खेळवली होती. तिथे उताराला लागलेली गाडी आपल्या मोटारींतून वीज तयार करून तारेत परत सोडी आणि ती चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. डोंगरालाच असे दोन्ही बाजूंनी राबवणे बरे दिसत नव्हते. डिझेल इंजिन उतारावर तीच वीज तयार करते आणि टपावरच्या जाळ्यांत तापवून, तीही पंख्याने, आकाशात सोडून देते. कुणाचे उपकार नकोत. कंपनीने १९७३च्या सुरुवातीला तारा मोडीत काढायचे जाहीर केले. तांब्याला तेव्हा भाव होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत तेलाची किंमत चौपट झाली. कच्च्या मनाचा संचालक इथे डगमगला असता. मिलवॉकी रोडने जून १९७४ मध्ये ठरल्याप्रमाणे वीज बंद केली आणि जगात डिझेल सर्वांत महाग होत असताना सगळा डोंगर डिझेलवर आणला. १९७७ साली कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९८० साली डोंगरातली ती लाइनच सोडून देण्यात आली. मोंटाना-आयडाहोच्या सीमेवरच्या तिच्या बोगद्यातून आता पर्यटक सायकली चालवतात. आत धूर अजिबात नसतो.

या आदर्शात एकच त्रुटी राहिली. भंगार निघेपर्यंत तांब्याचा भाव उतरला आणि अंदाजाएवढे पैसे हाती आले नाहीत. करबुड्याच्या वेळी हे टाळता येईल. तार खाली घेण्याआधीच भाव बांधून घ्यावा आणि सायकली भाड्याने देण्याचे टेंडर त्याच फायलीत काढावे, म्हणजे सह्यांसाठी ती दोनदा बेलापूरला न्यावी लागणार नाही.